आवड यंत्राची की भाषेची?

2024 साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून रत्नागिरीतल्या नर्सिंग, आयटीआयच्या मुलांसाठीही जर्मन हा पोटापाण्याचा विषय ठरू लागला आहे. त्यासोबत एक मत सर्रास ऐकू येतं: ही पिढी मोबाइलवर वाढली, संगणक पुढ्यात ठेवा, परकी भाषा ती आवडीने शिकेल. मार्क प्रेन्स्की यांनी 2001 मध्ये मांडलेल्या ‘डिजिटल नेटिव्ह’ कल्पनेचाच हा विस्तार.

मला हे मान्य नाही. यंत्राची सवय वेगळी, भाषेची ओढ वेगळी. भाषा शिकण्यातलं यश नुसत्या उपजत कुवतीवर नव्हे, तर ती बोलणाऱ्या समाजाविषयीच्या भावनेवर आणि शिकण्यामागच्या हेतूवरही अवलंबून असतं, हे गार्डनर आणि लँबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 1959 मध्येच दाखवलं. रत्नागिरी-राजापूरहून आखातात गेलेल्यांनी कामापुरती अरबी कोणत्या अ‍ॅपवर उचलली?

पूर्वपक्षात खरं आहे तेवढं घ्यायलाच हवं. मुलांना संगणक बरा वाटतो, कारण तो हसत नाही. वर्गात चुकण्याची ही धास्ती खरी असते. हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये ती मोजणारी प्रश्नावलीच तयार केली. ओठांचा चंबू करून म्हणायचा जर्मन ‘ü’ यंत्रापुढे हवा तितक्यांदा चुकवता येतो, आणि हा फायदा लहान नाही. पण गोएथे संस्थेच्या बी1 पातळीच्या तोंडी परीक्षेत समोर दुसरा परीक्षार्थी असतो. त्याच्याशी बोलून बेत ठरवायचा असतो. परिचारिकेला बहुधा त्यापुढची बी2 पातळी लागते, आणि तिच्यापुढे तिकडच्या श्वाबियन बोलीत दुखणं सांगणारा म्हातारा असणार. तिथे लाज टाळून भागत नाही.

त्याहून मोठा मुद्दा मुलांच्या कंटाळ्याचा. त्याचं मूळ बरेचदा शिकवण्याच्या माध्यमात असतं: बहुतेक अ‍ॅप जर्मन शिकवतात ती इंग्रजीतून. जर्मनमध्ये तीन लिंगं, मराठीतही तीन. कोणतं नाम कोणत्या लिंगाचं हे पाठ करावंच लागतं, पण निर्जीव वस्तूला लिंग असतं याचं मराठी मुलीला नवल वाटत नाही. जर्मन गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं; मराठीत ते एरवीही शेवटीच. हे तिला घरच्या भाषेतून चटकन उमगलं असतं. त्याऐवजी, इंग्रजीला आधीच बिचकणाऱ्या तिला आपण दोन परक्या भाषांच्या कात्रीत धरतो, आणि ती मागे पडली की चिकाटी नाही म्हणतो. हा अन्याय आहे.

संगणक कक्ष जरूर वाढवावेत. त्याआधी मराठीतून जर्मन समजावणाऱ्या शिक्षकाचा पगार आणि समोरासमोर बोलण्याचे तास मंजूर व्हावेत.