अर्ध्या गुणाची गोष्ट

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ओसरीवर बुद्धिबळाचा पट मांडला जातो. परवा धाकट्याने आजोबांशी डाव बरोबरीत सोडवला आणि रडवेला होऊन म्हणाला, "म्हणजे मी जिंकलोच नाही!" मी पडलो शाळामास्तर. त्याला जवळ बसवून एक जुनी हकिगत सांगितली.

मार्च २००४. आइसलंडची राजधानी रेकयाविक. १९७२ साली फिशर आणि स्पास्की यांची लढत झाली तेच हे शहर. येथील जलद डावांच्या स्पर्धेत गॅरी कास्पारोव्हसमोर नॉर्वेचा तेरा वर्षांचा मॅग्नस कार्लसन बसला. कास्पारोव्ह १९८५ साली, बाविसाव्या वर्षी, जगज्जेता झालेला आणि तेव्हाही क्रमवारीत पहिला. त्याचे मानांकन २८३१, मुलाचे २४८४.

हे आकडे काढण्याची रीत अमेरिकेतील प्राध्यापक आर्पाद एलो यांची. जागतिक संघटनेने ती १९७० साली स्वीकारली. तिच्या हिशेबाने एवढ्या तफावतीत दुबळ्याच्या पदरी शंभर डावांत जेमतेम बारा गुण पडावेत, आणि तेही बरोबरीचे अर्धे गुण धरून!

पांढरी मोहरी मुलाकडे होती. मधूनच उठून तो शेजारचे पट पाहून येई. हळूहळू पारडे त्याच्याकडे झुकले. जगातला पहिला खेळाडू अडचणीत आला! पण मुलाच्या घड्याळात वेळ थोडा उरला होता. विजय हातून निसटला आणि बावन्न चालींनंतर डाव बरोबरीत सुटला.

पुढचा डाव कास्पारोव्हने जिंकला. मुलगा स्पर्धेतून बाद झाला. तरी लोकांच्या ध्यानात राहिला तो पहिलाच डाव. दोघांना अर्धा अर्धाच गुण मिळाला. पण एकाने तो कमावला होता, दुसऱ्याने गमावला होता.

पुढे २००९ साली याच कास्पारोव्हने त्या मुलाला शिकवले. २०१३ साली चेन्नईत आपल्या आनंदला हरवून कार्लसन जगज्जेता झाला, तोही बाविसाव्याच वर्षी.

गोष्ट संपली आणि मीच गप्प झालो. पस्तीस गुण मिळवणाऱ्या किती मुलांना मी "एवढेच?" म्हणून विचारले असेल! कोण कोठून निघून तेथवर पोचला, हे गुणपत्रकात लिहिलेले नसते. ते मास्तराने ओळखायचे असते.

धाकट्याने मात्र डोळे पुसले आणि पुन्हा प्यादी मांडायला घेतली. आजोबाही या खेपेला चष्मा नीट पुसून बसले.