पांढऱ्या रस्त्यांचा मुलूख

आपल्या गावात डांबरी सडक येते तेव्हा नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, आणि शाळेतली पोरे ताज्या डांबरावरून सायकली पळवून पाहतात. यात गैर काहीच नाही. भर पावसाळ्यात बाळंतिणीला बैलगाडीत घालून निघावे आणि गाडी चिखलात आसापर्यंत रुतावी, हा प्रसंग ज्याने एकदा पाहिला आहे तो डांबराची थट्टा करणार नाही. पण आज मी आपल्याला अशा एका मुलखात नेणार आहे, की जिथल्या माणसांनी ‘आमच्या कच्च्या रस्त्यांवर डांबर घालू नका’ म्हणून खटपट केली आणि ती पुष्कळ अंशी यशस्वीही करून दाखवली. ही माणसे वेडी होती काय? मुळीच नाही. त्यांच्या हट्टामागे सातआठशे वर्षांचा इतिहास उभा आहे. तो समजून घेतला तर आपल्यालाही थोडे शिकता येईल.

इटली देशाच्या मधोमध टस्कनी नावाचा प्रांत आहे. त्यात फ्लॉरेन्स आणि सिएना ही दोन जुनी, नामांकित शहरे. एकीकडून दुसरीकडे जायला साधारण सत्तर किलोमीटर पडतात. या दोहोंच्या मध्ये जो डोंगराळ टापू आहे त्याला कियांती म्हणतात. उतारांवर द्राक्षांच्या ओळी, मधून मधून ऑलिव्हची राखाडी हिरवी झाडे, वर ओकचे रान, आणि टेकडीच्या माथ्यावर दगडी घरांचे गाव. या गावांना आणि मळ्यांना जोडणारे रस्ते चुनखडीच्या दगडाची खडी पसरून केलेले आहेत. उन्हाळ्यात ते पांढरेशुभ्र दिसतात, म्हणून तिथले लोक त्यांना ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे पांढरे रस्ते म्हणतात. मोटार या रस्त्यांवर अजिबात येत नाही असे नव्हे. मळ्यातला ट्रॅक्टर येतो, टपालवाल्याची गाडी येते. पण बाकी तास तास शांतता असते. म्हणूनच जगभरचे सायकलस्वार रुंद टायरच्या सायकली घेऊन येथे येतात.

रस्त्यांआधी सीमेची गोष्ट सांगतो. मध्ययुगात फ्लॉरेन्स आणि सिएना ही स्वतंत्र राज्ये होती आणि कियांतीवरून त्यांचे हाडवैर होते. आख्यायिका अशी, की शेवटी दोघांनी एक तोड काढली. पहाटे कोंबडा आरवला की दोन्ही शहरांतून एकेक घोडेस्वार निघायचा, आणि ते जिथे भेटतील तिथे सीमा ठरायची. सिएनावाल्यांनी पांढरा कोंबडा निवडला आणि त्याला दाणे घालून तृप्त ठेवले. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा उपाशी ठेवला. भुकेला कोंबडा पहाट व्हायच्या कितीतरी आधीच ओरडू लागला! फ्लॉरेन्सचा स्वार पार सिएनाच्या जवळ, फोंतेरूतोली गावापर्यंत पोचला आणि बहुतेक कियांती फ्लॉरेन्सच्या पदरात पडली. गोष्ट खरी की खोटी हा प्रश्न सोडून द्या. पण काळा कोंबडा ही कियांतीची जुनी निशाणी आहे आणि आजही तिथल्या मद्याच्या बाटल्यांवर ती दिसते.

खरा इतिहास याहून कठोर आहे. १२६० साली माँतापेर्तीच्या लढाईत सिएनाने फ्लॉरेन्सचा दारुण पराभव केला; १५५५ साली सिएनाचा पाडाव झाला आणि हे स्वतंत्र राज्य संपले. राद्दा, गाइओले, कास्तेल्लिना ही कियांतीची तीन जुनी गावे या झगड्याच्या ऐन तोंडावर वसलेली. सिएनाने १२१३ च्या सुमारास उभारलेले माँतेरिज्जोनीचे तटबंदीचे गाव आजही चौदा बुरुजांसह उभे आहे. पुढे १७१६ साली टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने फर्मान काढून कियांतीच्या मद्याचा टापू कोठून कोठपर्यंत, हे आखून दिले. तलवारीने ठरलेल्या सीमेची जागा अशी द्राक्षाच्या सीमेने घेतली.

आता प्रश्न येतो तो राबणाऱ्यांचा. कियांतीची जमीन बहुतेक सरदारांची, मठांची, नाहीतर शहरातल्या सावकारांची. गाइओलेजवळचा ब्रोलियोचा किल्ला ११४१ पासून रिकासोली घराण्याकडे आहे. या घराण्यातले बेत्तीनो रिकासोली हे इटलीचे दुसरे पंतप्रधान. कियांतीच्या मद्यात कोणकोणती द्राक्षे असावीत, हे त्यांनीच १८७२ साली लिहून ठेवले. पण वेल छाटणारा, खडी पसरणारा, चर खणणारा माणूस होता अर्धेलीचा शेतकरी. या पद्धतीला तिकडे ‘मेझ्झाद्रिया’ म्हणतात. जमीन आणि घर मालकाचे, कष्ट सबंध कुटुंबाचे, आणि पिकाची वाटणी निम्मी निम्मी. वर सणासुदीला मालकाच्या घरी कोंबड्या नि अंडी पोचवायची. पुष्कळ ठिकाणी घरातल्या मुलाचे लग्न करायचे तरी मालकाची संमती लागे. करार वर्षाचा, मालकाची मर्जी फिरली की गाडीत भांडीकुंडी भरून याच पांढऱ्या रस्त्याने दुसरे घर शोधायला निघायचे. हा रस्ता नुसता मालाचा नव्हता. एका अर्थी तो बिऱ्हाडांचाही होता.

या भागाशी आपलाही एक धागा जुळलेला आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत होते आणि त्याच्या पाठीवर आठवी भारतीय डिव्हिजन फ्लॉरेन्सकडे सरकत होती. तिच्यात मराठा पलटण होती. फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येस माँतेगुफोनी नावाचा वाडा आहे. युद्धाच्या धास्तीने उफ्फिझी संग्रहालयातील दोनशेंहून अधिक चित्रे, त्यांत बोत्तिचेल्लीचे जगप्रसिद्ध ‘वसंत’ हे चित्रही, तेथे हलवलेली होती. जुलैअखेर आपले मराठे जवान त्या वाड्यात पोचले आणि त्या ठेव्यावर पहारा करीत राहिले. त्याच महिन्यात पूर्वेला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलैला माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इतिहासाच्या तासाला ही नावे मुलांना अवश्य सांगावीत.

युद्ध संपले आणि अर्धेलीचे शेतकरी जागे झाले. संप झाले, मोर्चे निघाले. १९४७ च्या तडजोडीत त्यांचा वाटा पन्नास टक्क्यांवरून त्रेपन्न टक्क्यांवर गेला. आठ शतकांच्या कष्टाला तीन टक्क्यांची वाढ! तोवर शहरात कारखाने निघत होते. तिथे महिन्याला रोख पगार मिळे, घरात नळ आणि वीज असे. १९५६ च्या फेब्रुवारीत असा कडाक्याचा हिमगारठा पडला, की ऑलिव्हची झाडे हजारोंनी वाळून गेली. लोकांनी घरे सोडली. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले, पण तोपर्यंत करार करायला माणसेच फारशी उरली नव्हती. आपल्या मुंबई राज्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी घेण्याचा हक्क मिळाला. तिकडे कसणाराच निघून गेला, आणि मागे ओस घरे नि त्यांच्याकडे जाणारे पांढरे रस्ते तेवढे राहिले.

हे रस्ते कच्चे का राहिले, त्याचे मर्म येथे आहे. ते कोणी मुद्दाम जपले नव्हते. ज्या वाटेच्या टोकाला राहणारा कोणी नाही, तिच्यावर डांबर कोण घालणार? पुढे शहरातले आणि परदेशातले हौशी लोक आले. त्यांनी ती घरे विकत घेऊन दुरुस्त केली. मद्याला भाव आला, गाड्या वाढल्या, आणि मग डांबराची मागणी होऊ लागली.

अशा वेळी गाइओलेचे रहिवासी ज्यानकार्लो ब्रोच्ची यांनी एक युक्ती काढली. १९९७ साली त्यांनी ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू केली. नावाचा अर्थ वीरांची फेरी. अट अशी, की सायकल जुन्या घडणीची हवी, १९८७ च्या अलीकडची चालणार नाही. फ्लॉरेन्सजवळच्या खेड्यातला जीनो बार्ताली आणि त्याचा प्रतिस्पर्धी फाउस्तो कोप्पी हे इटलीचे थोर शर्यतपटू अशाच धुळीच्या रस्त्यांवरून दौडले होते. त्यांची आठवण आणि हे रस्ते, दोन्ही राखायची. पहिल्या वर्षी ९२ सायकलस्वार आले. पुढे हजारो येऊ लागले. सर्वांत लांब फेरी २०९ किलोमीटरची. काळोखातच निघायचे, आणि ब्रोलियोच्या चढावर सायप्रसच्या झाडांखाली तेवत ठेवलेल्या दिव्यांच्या उजेडात वर चढायचे. आता त्या मार्गावर कायमच्या पाट्या लावलेल्या आहेत, तेव्हा कोणीही केव्हाही त्यावरून जाऊ शकतो. २००७ पासून व्यावसायिकांचीही शर्यत होते. तिचा शेवट सिएनाच्या मोठ्या चौकात. २०१५ पासून स्त्रियांचीही शर्यत असते. ज्या धुळीला लोक मागासपणा समजत होते, तीच पाहायला जग येऊ लागल्यावर डांबराचा आग्रह आपोआप मंदावला.

पण कच्चा रस्ता म्हणजे दुर्लक्षित रस्ता नव्हे, हे ध्यानात घ्या. खडीचा रस्ता डांबरी रस्त्यापेक्षा जास्त वेळा हात मागतो. मधोमध उंचवटा ठेवावा लागतो, कडेचे चर मोकळे ठेवावे लागतात, नाहीतर एका पावसात पाणी रस्ताच पोटात घालते. चाकांनी पन्हळी पडल्या की पुन्हा सपाट करून वर नवी खडी टाकावी लागते. पूर्वी ही मेहनत अर्धेलीचा शेतकरी फुकट करी. आता ती पैसे मोजून करावी लागते.

आणि एक गोष्ट मनाला लागून राहते. त्या रस्त्याने आज मजेत जाणारा प्रवासी ज्या दगडी घरात मुक्काम करतो, त्या घरातले कुटुंब कधीच पोटासाठी निघून गेले. रस्ता वाचला, त्याच्यावरची माणसे वाचली नाहीत. म्हणून आपण कियांतीची नुसती नक्कल करू नये. दवाखान्याचा, शाळेचा, बाजाराचा रस्ता पक्का झालाच पाहिजे. पण आपल्या शिवारातून पाणंदी जातात, शिवरस्ते जातात, गाडीवाटा जातात. त्या कोणी काढल्या, कोणाच्या श्रमाने राहिल्या, कोणी बांध सरकवून गिळल्या, हे माणसे आहेत तोवरच विचारून घेता येईल.

शिक्षकमित्रांना माझी एवढीच विनंती आहे. एखाद्या शनिवारी सकाळच्या शाळेनंतर मुलांना घेऊन गावच्या जुन्या गाडीवाटेने चालत जा, बरोबर एखादे म्हातारे माणूस घ्या, आणि ते जे सांगेल ते मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगा.