हजेरीपट आणि बाळंतीण

बाळंतिणीची काळजी घरच्यांनी घ्यावयाची, ही रीत महाराष्ट्रात काय किंवा छत्तीसगढात काय, फार जुनी आहे. एकीकडे पहिलटकरीण माहेरी जाते, तिच्यासाठी डिंकाचे लाडू वळले जातात. दुसरीकडे छठीच्या दिवशी बाळंतिणीस औषधी मुळ्यांचे ‘कांके पानी’ पाजतात. परंतु या काळात बुडणाऱ्या मजुरीची भरपाई कोणी करावी, हा प्रश्न घरगुती रीतीने कधी सोडविला नाही. तो सोडविण्यासाठी कायदा यावा लागला. आणि कायदा आला की त्याच्या पाठोपाठ ‘पात्र कोण?’ हा प्रश्नही आला. रायपूरच्या परिसरात हा प्रश्न कायद्याच्या भाषेत प्रथम विचारला गेला तो १९३० साली.

रायपूर त्या वेळी मध्यप्रांतात होते आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. तेथील विधिमंडळाने १९३० मध्ये मध्यप्रांत प्रसूतिलाभ कायदा संमत केला. हिंदुस्थानातील असा हा दुसरा कायदा. पहिला मान मुंबई इलाख्याने आदल्याच वर्षी मिळविला होता. प्रेरणा मात्र परदेशातून आलेली होती. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतीपूर्वी सहा व नंतर सहा आठवडे विश्रांती आणि त्या काळात निर्वाहवेतन, असा ठराव केला. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी त्या परिषदेस उपस्थित होते. परत आल्यावर त्यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात यासंबंधी विधेयक मांडले. ते १९२५ मध्ये फेटाळले गेले. तेव्हा हा प्रश्न प्रांतांकडे आला.

मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२८ साली रा. सं. असवले यांनी आणलेल्या विधेयकावर जी चर्चा झाली, ती आजही वाचण्यासारखी आहे. कारखानदारांच्या बाजूचा युक्तिवाद असा की, हा बोजा एकट्या मुंबईवर पडला तर इतर प्रांतांच्या स्पर्धेत येथील गिरण्या मागे पडतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जुलै महिन्यात विधेयकाच्या बाजूने भाषण केले. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, हा त्यांचा पहिला मुद्दा. लोकांचे कल्याण ही मुख्यतः सरकारची जबाबदारी असल्यामुळे या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलणे योग्य ठरेल, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. पण स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाला लाभ दिसतो म्हणूनच तो त्यांना ठेवतो, तेव्हा त्याने या भारातून पूर्णपणे सुटू पाहणे बरोबर नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. कायदा झाला, मालकावरचा भार तेवढा कायद्यात आला आणि सरकारचा वाटा भाषणातच राहिला. पुढील साठ-पासष्ट वर्षांच्या इतिहासाला या एका गोष्टीने वळण दिले.

कारण मालकाने पैसे द्यावयाचे म्हटले की, बाई त्याच्याकडे कामाला होती याचा पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे हजेरीपट. मध्यप्रांताच्या कायद्याने नऊ महिन्यांच्या नोकरीची अट घातली. कायदा लागू होता तो कारखाना-कायद्याखाली नोंदलेल्या कारखान्यांना. आता रायपूर जिल्ह्यातील कष्टकरी स्त्री कोठे होती? ती धानाच्या बांध्यांत रोवणी करीत होती, घराच्या ओट्यावर विड्या वळीत होती, धमतरीकडे लाखेच्या कामावर होती, किंवा हंगामापुरत्या चालणाऱ्या भातगिरणीत पाखडणी करीत होती. भातगिरणीचा हंगामच नऊ महिन्यांचा नसेल, तर बाईने नऊ महिन्यांची हजेरी आणावी कोठून? विडी, लाख आणि कातडी कमावणे या धंद्यांसाठी प्रांताने १९३७ मध्ये अनियंत्रित कारखान्यांचा एक स्वतंत्र कायदा केला खरा, परंतु विडी कारखान्यांना प्रसूतिलाभाचा कायदा लागू होण्यास १९६६ साल उजाडावे लागले.

पुन्हा संस्थानांची गोष्ट निराळीच. छत्तीसगढातील मोठी कापडगिरणी म्हणजे राजनांदगावची बेंगॉल नागपूर कॉटन मिल. १९२० च्या तेथील संपाचे नेतृत्व ठाकूर प्यारेलाल सिंह यांनी केले होते. हजेरीपट असलेल्या स्त्रिया त्या भागात कोठे असतील तर त्या गिरणीत. परंतु राजनांदगाव पडले संस्थान. नागपूरचा कायदा तेथे आपोआप लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या जिल्ह्यात कायदा होता तेथे कारखाने थोडे, आणि जेथे मोठा कारखाना होता तेथे कायदा नाही, अशी ही परिस्थिती होती.

पात्र ठरलेल्या स्त्रियांच्या वाट्याला तरी काय आले? डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखालील कामगार चौकशी समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात याचे उत्तर दिले आहे. गरोदरपणाची चिन्हे दिसू लागताच बाईला कामावरून कमी करावयाचे, किंवा मुळात अविवाहित मुली, विधवा व मूल होण्याचे वय उलटलेल्या स्त्रियाच घ्यावयाच्या, अशा युक्त्या मालक योजीत असल्याचे समितीला आढळले. नियम जितका स्पष्ट तितकी त्यातून निसटण्याची वाटही स्पष्ट, हे ज्याने कचेरीत चार वर्षे काढली आहेत त्याला निराळे सांगावयास नको.

स्वातंत्र्यानंतर प्रांतोप्रांतीचे हे कायदे एकत्र करून १९६१ चा अखिल भारतीय प्रसूतिलाभ अधिनियम आला. छत्तीसगढातून लोकसभेवर निवडून गेलेल्या पहिल्या महिला खासदार मिनीमाता त्या वेळी सभागृहात होत्या. या अधिनियमाने बारा आठवड्यांचा लाभ दिला, गरोदरपणी कामावरून काढले तरी लाभ बुडणार नाही अशी तजवीज केली, आणि आधीच्या बारा महिन्यांत १६० दिवसांच्या कामाची अट ठेवली. १९८८ च्या दुरुस्तीने ती ८० दिवसांवर आली. २००० सालच्या ८ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात रोजंदारीवर रस्ते खोदणाऱ्या स्त्रियाही या लाभास पात्र आहेत, असा निर्णय दिला. २०१७ मध्ये लाभाची मुदत पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली. पुढे हा अधिनियम २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेण्यात आला. अट सैल होत गेली, मुदत वाढत गेली. हजेरीपट मात्र जागचा हलला नाही.

हजेरीपटाबाहेरच्या स्त्रीकडे केंद्र सरकारचे लक्ष गेले ते १९९५ साली. राष्ट्रीय प्रसूतिलाभ योजनेखाली दारिद्र्यरेषेखालील गर्भवतीस प्रारंभी ३०० व नंतर ५०० रुपये मिळू लागले. सरकारने उचलावयाचा वाटा अखेर सरकारने उचलला. पण त्याबरोबर नव्या अटी आल्या. वय १९ वर्षे पूर्ण हवे आणि लाभ पहिल्या दोन जिवंत मुलांपुरता. बालविवाह व मोठे कुटुंब यांना आळा बसावा, हा हेतू चांगलाच. परंतु सतराव्या वर्षी आई होणारी मुलगी आणि चौथ्या खेपेची रक्तक्षीण बाई, ज्यांच्या जिवाला धोका अधिक त्याच, या अटीने वगळल्या गेल्या. दंड व्हावयाचा तो लग्न लावून देणाऱ्यांना. तो झाला बाळंतिणीला.

२००५ मध्ये या योजनेची जागा जननी सुरक्षा योजनेने घेतली आणि पैसा रुग्णालयातील बाळंतपणाशी जोडला गेला. जेथे अशी बाळंतपणे कमी, त्या राज्यांत छत्तीसगढची गणना झाली. तेथे सरकारी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या प्रत्येक स्त्रीला, वय वा अपत्यसंख्या न विचारता, साहाय्य मिळू लागले. ग्रामीण भागात ही रक्कम १४०० रुपये, शहरात १००० रुपये झाली. महाराष्ट्र पुढारलेल्या राज्यांत गणला गेल्याने तेथे दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियाच पात्र ठरल्या, रक्कमही कमी. म्हणजे गोंदियाहून रायपूरला निघालेली गाडी दरेकसा सोडून बोरतलावला पोहोचली, की पात्रतेचा नियम बदलला! एका दृष्टीने हा मोठा पालट होता. हजेरीची अट नाही, वयाची नाही. दाराशी आलेली स्त्री हीच पात्र. या दारापर्यंत तिला नेणारी मितानीनही छत्तीसगढाने २००२ पासून उभी केली होती. विधिपूर्वक जोडलेल्या मैत्रीला त्या प्रदेशात जे नाव आहे, तेच या आरोग्यसेविकेला दिले गेले. रायपूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाला डॉ. आंबेडकरांचे नाव आहे, हेही येथे आठवते.

परंतु रुग्णालयातील बाळंतपणाचे बक्षीस ही बुडालेल्या मजुरीची भरपाई नव्हे. ती भरपाई २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने कबूल केली. सरकारी नोकरीतील स्त्रिया व अन्य कायद्याखाली असाच लाभ घेणाऱ्या वगळून प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेस किमान ६००० रुपये, अशी त्याची भाषा. कितव्या मुलासाठी, याचा उल्लेख त्या कलमात नाही. पण २०१७ साली प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली तेव्हा ५००० रुपये ठरले, आणि तेही पहिल्याच अपत्यासाठी. संसदेने ‘प्रत्येक’ म्हटले, योजनेने ‘पहिल्या’ म्हटले. या दोन शब्दांमधील अंतर किती स्त्रियांना पार करता आले नसेल! त्याच वर्षी नोंदलेल्या आस्थापनेतील स्त्रीला २६ आठवड्यांचे पूर्ण वेतन मिळाले, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे हजेरीपटाची किंमत कळते.

२०२२ मध्ये या योजनेचे नियम बदलले. पहिल्या अपत्याचे ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळू लागले. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६००० रुपये. पात्रतेसाठी अनुसूचित जातीजमातींचा दाखला, दारिद्र्यरेषेचे पत्रक, रोजगार हमीचे ओळखपत्र, ई-श्रम नोंदणी, अन्नसुरक्षेची शिधापत्रिका किंवा वार्षिक ८ लाखांहून कमी कौटुंबिक उत्पन्न, यांपैकी एखादा पुरावा चालू लागला. छत्तीसगढाने नोंदणीकृत बांधकाम मजूर स्त्रियांसाठी मिनीमातांच्या नावाने ‘महतारी जतन’ योजना निराळी ठेवली. रायपुरात इमारतींवर विटा-गिलावा वाहणाऱ्या बाईला ‘रेजा’ म्हणतात. तिच्यापाशी यांपैकी एखादा कागद बहुधा असतो. मात्र धानकापणी आटोपली की कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामासाठी परराज्यांत जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. तेव्हा गावच्या अंगणवाडीत जिचे नाव नोंदले, तिचे बाळंतपण होते दूरच्या भट्टीवर. आणि बाळाच्या लसीकरणाचा दाखला, ज्यावर शेवटचा हप्ता अवलंबून असतो, तो तिसऱ्याच ठिकाणी मिळवावा लागतो.