मुंबई विद्यापीठातील विधिशिक्षण : पेरी अध्यासन आणि त्यानंतर

मुंबई विद्यापीठाचा इतिहास सांगताना बहुधा कलाशाखेचाच इतिहास सांगितला जातो. पहिले पदवीधर, त्यांची ग्रंथरचना, त्यांनी काढलेल्या संस्था आणि वृत्तपत्रे यांचे वर्णन आपल्या परिचयाचे आहे. परंतु 18 जुलै 1857 रोजी विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा कला, वैद्यक आणि स्थापत्य यांच्या बरोबरीने विधी हीही एक स्वतंत्र शाखा मानली गेली होती, आणि महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात पुढे आलेल्या पुरुषांपैकी पुष्कळांनी कलाशाखेची पदवी घेतल्यावर याच शाखेची वाट धरली, ही गोष्ट तितकीशी लक्षात घेतली जात नाही. प्रस्तुत लेखात या शाखेच्या जडणघडणीतील एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. विद्यापीठाने कायदा शिकवावयाचा तो वकिलीची सनद मिळविण्याचे साधन म्हणून, की एक विद्या म्हणून, हा तो प्रश्न होय. त्याला जोडूनच दुसरा एक प्रश्न येतो, तो म्हणजे ही विद्या कोणत्या भाषेत द्यावयाची.

विद्यापीठाच्या आधीच मुंबईत कायद्याचे अध्यापन सुरू झाले होते. त्याच्या मुळाशी असलेले गृहस्थ म्हणजे सर अर्स्किन पेरी. 1847 ते 1852 या काळात ते मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, आणि 1843 पासून बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. ते 1852 मध्ये हिंदुस्थान सोडून गेले, तेव्हा शहरातील नागरिकांनी त्यांच्या स्मरणार्थ निधी जमविला आणि त्यातून एल्फिन्स्टन संस्थेत पेरी यांच्या नावाचे विधिमीमांसेचे अध्यासन निर्माण झाले. 1855 मध्ये या अध्यासनाच्या आधाराने कायद्याचे वर्ग भरू लागले. आजचे शासकीय विधी महाविद्यालय आपला जन्म त्याच वर्षी मानते. म्हणजे वयाने ते विद्यापीठाहून दोन वर्षांनी वडील आहे.

येथे एक विसंगती नमूद केली पाहिजे. ज्या बोर्डाचे पेरी अध्यक्ष होते त्याच बोर्डात जगन्नाथ शंकरशेट हे एक सभासद होते, आणि शिक्षणाच्या माध्यमाच्या प्रश्नावर या दोघांचा दीर्घकाळ वाद चालला. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असा पेरी यांचा आग्रह होता. सामान्य जनतेपर्यंत ज्ञान पोहोचवावयाचे तर ते तिच्या भाषेतूनच पोहोचविले पाहिजे, असे नानांचे व कर्नल जॉर्ज जर्व्हिस यांचे म्हणणे होते. व्यवहारात पेरी यांचा पक्ष वरचढ ठरला. ज्या विषयाचा संबंध खेड्यातील कुळाशी, सावकाराशी आणि वाटणीसाठी भांडणाऱ्या भावांशी सर्वांत निकटचा, तोच विषय अशा रीतीने प्रारंभापासून इंग्रजीत बांधला गेला. ही गोष्ट पुढील सर्व इतिहास वाचताना मनात ठेवावी लागते.

पेरी यांना मात्र केवळ इंग्रजीचा अभिमानी म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. 1847 मध्ये त्यांनी खोजा व मेमन समाजांच्या वारसाहक्काच्या दाव्यात जो निर्णय दिला, त्यात त्यांनी धर्मग्रंथातील नियमापेक्षा त्या समाजात प्रत्यक्ष चालत आलेली रूढी ग्राह्य धरली. त्या निर्णयाने मुलींचा वाटा बुडाला, हे खरे. पण कायदा ग्रंथात शोधावयाचा की लोकांच्या आचारात, हा विधिमीमांसेतला मूलभूत प्रश्न त्यामुळे मुंबईच्या न्यायालयात अगदी उघडपणे उभा राहिला. आणि हेच पेरी स्वदेशी परतल्यावर पार्लमेंटात विवाहित स्त्रियांच्या मिळकतीच्या हक्काचे विधेयक आणणाऱ्यांत होते, हे वाचून थोडा विस्मय वाटतो.

विद्यापीठाने कायद्याच्या पदवीला एल्‌एल्‌. बी. हे नाव दिले. कलकत्ता व मद्रास येथे ती बी. एल्‌. या नावाने ओळखली जाई. नावातील हा भेद क्षुल्लक, परंतु पदवीचे स्वरूप तिन्ही ठिकाणी फारसे वेगळे नव्हते. कलाशाखेची पदवी घेतल्यावर काही सत्रे व्याख्यानांना हजर राहावयाचे, मग परीक्षा द्यावयाची, अशी ही रीत होती. शिकविणारे बहुधा उच्च न्यायालयात वकिली करणारे बॅरिस्टर असत, आणि दिवसाचे काम आटोपल्यावर जो वेळ उरे तो ते अध्यापनाला देत. विद्यार्थीही पुष्कळदा नोकरी सांभाळून येत. महादेव गोविंद रानडे 1866 मध्ये एल्‌एल्‌. बी. झाले. 1879 मध्ये बाळ गंगाधर टिळकांनी तीच पदवी मिळविली. डेक्कन कॉलेजात कायद्याचा अभ्यास चालू असतानाच त्यांची व आगरकरांची गाठ पडली. पदवी घेऊनही टिळकांनी वकिली केली नाही, परंतु पुण्यात त्यांनी कायद्याचा वर्ग चालविला आणि त्यावर काही काळ चरितार्थही चालविला. काशिनाथ त्र्यंबक तेलंग 1889 मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि 1892 मध्ये विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू. या मंडळींच्या विद्वत्तेचे श्रेय संध्याकाळच्या त्या व्याख्यानांना द्यावे असे मला वाटत नाही. त्यांनी जे मिळविले ते बव्हंशी ग्रंथालयात व न्यायालयात स्वतः मिळविले. पदवीने त्यांना दरवाजा उघडून दिला, इतकेच म्हणता येईल.

तो दरवाजा सर्वांना उघडा नव्हता. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा 1892 मध्ये दिली. त्या विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देण्याचे तेव्हा मान्य केलेले नसल्याने पदवी त्यांना मिळाली नाही. मुंबई विद्यापीठाने मात्र त्यांना एल्‌एल्‌. बी. च्या परीक्षेस बसू दिले आणि 1897 मध्ये त्या उत्तीर्ण झाल्या. विद्यापीठाच्या पक्षी ही मोठी जमेची बाजू आहे. पण पदवी हाती असूनही वकील म्हणून न्यायालयात उभे राहण्याचा हक्क स्त्रियांना 1923 च्या कायद्यानेच मिळाला. मधली सव्वीस वर्षे विद्यापीठ ज्याला विद्या म्हणत होते त्याला वकिलीचा धंदा पात्रता मानीत नव्हता. पदवी आणि सनद यांतील अंतर याहून स्पष्टपणे दाखविणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

या शाखेत खरी विद्या आली ती दुसऱ्या एका मार्गाने. मुंबई इलाख्यात हिंदू कायद्याचा निर्णय करताना न्यायाधीशांना मिताक्षरा व नीलकंठाचा व्यवहारमयूख हे ग्रंथ पाहावे लागत. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मयूखाला प्राधान्य, इतरत्र मिताक्षरेला. इंग्रज न्यायाधीशाला संस्कृत येत नसे आणि शास्त्र्याला इंग्रजी. ही दरी प्रथम रेमंड वेस्ट व गेओर्ग ब्यूलर यांच्या 1867 मधील संग्रहाने काही अंशी भरून काढली, आणि 1880 मध्ये विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी व्यवहारमयूख व याज्ञवल्क्यस्मृती यांचे भाषांतर प्रसिद्ध करून तीवर एतद्देशीयांचा पहिला भक्कम पूल बांधला. पांडुरंग वामन काणे 1917 ते 1923 या काळात मुंबईच्या विधी महाविद्यालयात प्राध्यापक होते, आणि 1926 मध्ये त्यांनी व्यवहारमयूखाची संपादित आवृत्ती काढली. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा त्यांचा पहिला खंड 1930 मध्ये आला आणि पाचवा 1962 मध्ये पुरा झाला. दरम्यान 1947 ते 1949 ते विद्यापीठाचे कुलगुरूही होते. पुण्यात 1924 मध्ये सुरू झालेल्या विधी महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे यांनीही धर्मशास्त्रग्रंथांच्या संपादनाचे व भाषांतराचे काम वकिली सांभाळून केले. मुसलमानी कायद्याच्या क्षेत्रात आसफ अली असगर फैजी यांचे स्थान तसेच. 1938 ते 1947 ते मुंबईच्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि 1949 मध्ये निघालेला त्यांचा ग्रंथ आजही संदर्भासाठी उघडला जातो. ज्या अध्यासनाला पेरी यांचे नाव होते त्याच अध्यासनावर बसून फैजींनी खोजांच्या कायद्याचा विचार पुढे नेला, ही घटना योगायोगाची असली तरी समाधान देणारी आहे. पण लक्षात घ्यावे की ही सर्व कामे व्यक्तींची आहेत. अभ्यासक्रमाने ती मागितली नव्हती.

अभ्यासक्रमाकडे नेमके बोट दाखविले ते डॉ. भीमराव आंबेडकर यांनी. ते 1935 ते 1938 मुंबईच्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. 1936 च्या जानेवारीत महाविद्यालयाच्याच नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातील विधिशिक्षणाच्या सुधारणेवर एक निबंध लिहिला. कायद्याला पूरक असणाऱ्या इतर विद्यांच्या अभ्यासावाचून कायदा समजत नाही, म्हणून त्यांचा व कायद्याचा अभ्यास एकत्र गुंफला पाहिजे, हा त्या निबंधातील विचाराचा गाभा आहे. लेखकाने कोलंबिया, लंडन व ग्रेज इन या तिन्ही ठिकाणची पद्धती स्वतः अनुभवली होती, अर्थशास्त्रात संशोधन केले होते आणि मुंबईच्या न्यायालयांत वकिली केली होती. त्यामुळे त्या सूचनेमागे पुस्तकी कल्पना नव्हती. पण प्राचार्याच्या हाती अभ्यासक्रम नसतो, तो विद्यापीठाच्या हाती असतो, आणि त्या काळी विद्यापीठाची नजर उच्च न्यायालयाकडे असे.

स्वातंत्र्यानंतर हीच तक्रार अधिक उच्चरवाने होऊ लागली. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने (1948-49) देशातील विधी महाविद्यालयांना विद्वत्तेच्या क्षेत्रात मान नाही असे स्पष्टपणे सांगितले. मोतीलाल चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाचा चौदावा अहवाल 1958 मध्ये आला, आणि त्यानेही विधिशिक्षणाच्या अवस्थेवर कठोर टीका केली. सेटलवाड हे मुंबईच्याच वकीलवर्गातील. ही टीका घरच्या माणसाची होती. 1959 मध्ये मुंबई विद्यापीठाने स्वतःचा विधी विभाग उघडला. महाविद्यालयांनी पदवीचे शिक्षण द्यावे आणि विद्यापीठाने पदव्युत्तर अध्यापन व संशोधन करावे, अशी विभागणी त्यामुळे शक्य झाली. माझ्या मते पेरी अध्यासनानंतर या शाखेच्या इतिहासातील हीच सर्वांत महत्त्वाची घटना होय, जरी तिचा गाजावाजा झाला नाही.

परंतु दोनच वर्षांनी 1961 चा अधिवक्ता अधिनियम आला आणि विधिशिक्षणाचा दर्जा ठरविण्याचा अधिकार बार कौन्सिल ऑफ इंडियाला मिळाला. म्हणजे विद्यापीठ आपले विद्यापीठपण सिद्ध करू लागले त्याच सुमारास सनद देणाऱ्यांचे नियंत्रण अधिक घट्ट झाले. यात केवळ तोटाच झाला असे नाही. पदवीचा अभ्यास तीन वर्षांचा झाला तो कौन्सिलच्याच आग्रहाने, आणि बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या एकात्म अभ्यासक्रमाचा निर्णयही कौन्सिलनेच 1982 मध्ये घेतला. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र हे विषय कायद्याबरोबर शिकविण्याची ती योजना पाहिली की 1936 च्या निबंधाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. बंगलोरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने 1988 मध्ये आपली पहिली तुकडी याच धर्तीवर घेतली. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व औरंगाबाद येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे निघाली ती 2014 नंतर. त्यामुळे जुन्या विद्यापीठाच्या विधिशाखेपुढे आज जो प्रश्न आहे तो तिच्या जन्माच्या वेळच्या प्रश्नाहून फारसा निराळा नाही : हुशार विद्यार्थी तिच्याकडे सनदेसाठी येतो की विद्येसाठी.

भाषेचा प्रश्नही तसाच पुढे आला आहे. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याने न्यायव्यवहाराचा परिभाषाकोश व अधिनियमांची मराठी भाषांतरे यांचे काम हाती घेतले. 21 जुलै 1998 च्या अधिसूचनेने राज्यातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरविण्यात आली. उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र संविधानाच्या 348 व्या अनुच्छेदानुसार इंग्रजीतच चालते. विद्यापीठातील विधीचे अध्यापन प्रायः उच्च न्यायालयाच्या भाषेत होते, आणि त्यातून बाहेर पडणारा पदवीधर बहुधा प्रथम तालुक्याच्या न्यायालयात उभा राहतो. तेथे फिर्याद, कैफियत व साक्षीदारांचे जबाब मराठीत असतात, पक्षकाराशी बोलणेही मराठीतच. सातबाऱ्याचा उतारा, फेरफार, खातेवाटप, वहिवाट हे शब्द तो कारकुनाकडून शिकतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता व तिच्या सोबतचे दोन अधिनियम अमलात आले. 1860 च्या दंडसंहितेवर उभी राहिलेली अध्यापनाची सारी घडी त्यामुळे नव्याने बसवावी लागत आहे. मराठी पाठ्यग्रंथांचे पुनर्लेखनही त्यातच आले. जगन्नाथ शंकरशेट व पेरी यांच्या वादाची दप्तरे या निमित्ताने विधी विभागातील एखाद्या संशोधकाने पुन्हा काढून पाहावीत, अशी ती अद्याप उपयोगाची आहेत.