ग्लुकोज सेन्सर आणि बोटाच्या रक्ताची तपासणी : अचूकतेची तुलना

दंडावर चिकटवलेला सेन्सर आणि बोट टोचून ग्लुकोमीटरवर घेतलेली शुगर यांत फरक किती पडतो, का पडतो आणि कोणता आकडा कधी ग्राह्य धरायचा, हा या नोंदीचा विषय आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. फ्रीस्टाइल लिब्रे प्रो हा डॉक्टरांनी लावायचा १४ दिवसांचा सेन्सर भारतात २०१५ साली आला. त्यातले आकडे रुग्णाला दिसत नसत. आता आकडा थेट मोबाइलवर येतो आणि पनवेल-खारघरच्या औषध दुकानांतही सेन्सर मिळतो. घरात ग्लुकोमीटर आधीपासून असतोच. त्यामुळे पहिल्याच दिवशी दोन्हींवर शुगर पाहिली जाते आणि आकडे जुळत नाहीत.

ते न जुळण्याचे मूळ कारण असे, की दोन्ही साधने एकच द्रव मोजत नाहीत. ग्लुकोमीटरची पट्टी बोटाच्या केशवाहिन्यांतले रक्त घेते. सेन्सरचा केसाएवढा तंतू त्वचेखाली साधारण अर्धा सेंटिमीटर जातो आणि पेशींच्या अवतीभवतीच्या द्रवातले ग्लुकोज मोजतो. तंतूवरच्या विकराची ग्लुकोजशी क्रिया होते, तीतून विजेचा अतिसूक्ष्म प्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहावरून आकडा काढला जातो. रक्तातली साखर या द्रवात उतरायला वेळ लागतो. म्हणून सेन्सर रक्ताच्या साधारण ५ ते १५ मिनिटे मागे असतो.

शुगर स्थिर असेल तर या विलंबाने काही बिघडत नाही. ती वेगाने बदलत असेल तर मात्र बिघडते. इन्शुलिन घेणारा माणूस कर्नाळ्याचा किल्ला चढतो आहे, शुगर मिनिटाला २ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने उतरते आहे (पुढचे आकडे याच एककात) आणि सेन्सर १० मिनिटे मागे आहे, असे समजू. रक्तात ६० असताना पडद्यावर ८० दिसेल. हात थरथरू लागले म्हणून त्याने ग्लुकोज पावडर घेतली की उलटे होते. रक्तातली शुगर सावरलेली असते, पण सेन्सर अजून कमीच दाखवतो. घाबरून माणूस आणखी गोड खातो आणि तासाभराने शुगर अडीचशेच्या वर जाते. शुगर लो झाल्याची लक्षणे असताना सेन्सर चांगला आकडा दाखवत असेल, किंवा गोड खाल्ल्यावर ती सावरली का हे पाहायचे असेल, तर बोट टोचावे, हा नियम इथूनच आला.

म्हणून बोटाचा आकडा अंतिम सत्य ठरतो असे नाही. आयएसओ १५१९७ या २०१३ च्या मानकानुसार ग्लुकोमीटरचे ९५ टक्के निकाल १०० च्या खाली १५ मिलिग्रॅमच्या आत आणि १०० पासून पुढे १५ टक्क्यांच्या आत असले, की यंत्र उत्तीर्ण. म्हणजे खरी शुगर १२० असताना १०२ ही बरोबर आणि १३८ ही बरोबर. खरी शुगर ६० असताना ७५ दाखवणारे यंत्रही नियमात बसते, आणि ही गोष्ट इन्शुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी.

सेन्सरची अचूकता ‘मार्ड’ या मापाने सांगतात. संदर्भ तपासणीपासून सेन्सरचा आकडा सरासरी किती टक्के दूर पडला, ते हे माप. फ्रीस्टाइल लिब्रेच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मार्ड ११.४ टक्के होता आणि तो बोटाच्या रक्ताशी ताडून काढला होता. नंतरच्या सेन्सरांचा मार्ड ८ ते १० टक्क्यांच्या आसपास सांगितला जातो. पण मार्ड ही सरासरी आहे आणि जाहिरातीत दिसते तेवढी ती पुरेशी नाही. कमी शुगरच्या पट्ट्यातली चूक तिच्यात झाकली जाते. त्या दृष्टीने १९८७ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या विल्यम क्लार्क आणि सहकाऱ्यांनी मांडलेली त्रुटी-जाळी अधिक उपयोगाची आहे. चुकलेल्या आकड्यामुळे उपचार चुकेल का, या प्रश्नावर ती निकालांचे अ ते इ असे पाच विभाग करते. २५० च्या जागी २१० दिसल्याने फारसे बिघडत नाही. ५५ च्या जागी ९० दिसले तर जिवावर बेतू शकते.

बोटाच्या तपासणीतल्या बऱ्याच चुका यंत्राबाहेरच्या असतात. टोकियोतल्या संशोधकांनी २०११ साली दाखवले, की फळ सोलून हात न धुता रक्त घेतले तर शुगर खोटी वाढलेली येते आणि स्पिरिटच्या बोळ्याने बोट अनेकदा पुसूनही ती खाली येत नाही. नळाखाली हात धुतल्यावरच आकडा ठीक आला. आंब्याच्या दिवसांत कोकणातल्या घराघरांत हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पावसाळ्यातली पनवेलची दमट हवाही पट्ट्यांना बाधते. डबीचे झाकण सैल राहिले की आतल्या पट्ट्या मुदतीआधीच बिघडतात.

रक्तक्षयाचा प्रश्न याहून गंभीर आहे. तांबड्या पेशींचे प्रमाण (हिमॅटोक्रिट) कमी असेल तर अनेक ग्लुकोमीटर शुगर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशा बाईची शुगर ६५ असताना ८० दिसली, तर चक्कर कशाने येते हे कोणाच्या ध्यानातच येणार नाही. कोणत्या हिमॅटोक्रिटपर्यंत यंत्र विश्वासार्ह आहे ते पट्ट्यांच्या माहितीपत्रकात छापलेले असते. यंत्र घेताना किमतीइतकेच तेही पाहिले पाहिजे.

सेन्सरच्या खोडी वेगळ्या आहेत. लावल्यानंतरचा पहिला दिवस कमी भरवशाचा. रात्री त्याच दंडावर झोपले की दाबामुळे तिथला द्रव कमी होतो आणि शुगर लो नसतानाही लो दिसते. कूस बदलली की आकडा आपोआप वर येतो. लिब्रेच्या काही सेन्सरांत दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्यास आकडा खोटा वाढू शकतो.

लॅबच्या रिपोर्टशी तुलना करतानाही सावध राहावे लागते. रक्त नळीत तसेच राहिले तर पेशी त्यातली साखर वापरत राहतात आणि ती तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. त्यासाठीच करड्या झाकणाच्या नळीत फ्लोराइड असते, पण त्याचा परिणाम सुरू व्हायलाही वेळ लागतो. सकाळी सहाला घरून नेलेला नमुना दहाला लॅबमध्ये पोहोचला, तर ‘लॅबमध्ये कमी आली, म्हणजे मशीन खराब’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. जेवणानंतर तर बोटाच्या रक्तातली शुगर शिरेतल्या रक्तापेक्षा मुळातच जास्त असते. तुलना करायचीच तर उपाशीपोटी, शुगर स्थिर असताना, एकाच वेळी करावी.

सेन्सरचे खरे बळ दिशेत आहे. बाण वर की खाली, रात्री तीनला काय होते, पोह्यांनंतर शुगर किती चढते आणि भाकरीनंतर किती, हे दिवसातून चार वेळा बोट टोचूनही कळत नाही. मात्र १४ दिवसांच्या एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात, म्हणून बहुतेक घरांत पट्टीच राहणार आहे. इन्शुलिनवर नसलेल्यांचे तिच्यावर भागतेही.

नंदुरबार-गडचिरोलीतल्या सिकलसेल रुग्णांचा पेच मात्र वेगळा आहे. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात. त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी त्यांच्याबाबत फसवी ठरते आणि सेन्सर हा तिला चांगला पर्याय वाटतो. पण सिकलसेलवर दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध काही सेन्सरांत शुगर खोटी वाढवते. अशा सेन्सरांच्या माहितीपत्रकात त्याची ताकीद असते आणि मग बोटाच्या रक्ताकडे वळावे लागते. तिथे पुन्हा रक्तक्षय आड येतो, म्हणून या रुग्णांसाठी कमी हिमॅटोक्रिटलाही चालणारे ग्लुकोमीटरच निवडावे लागते.