दोन गज जमीन, सात भाऊ आणि मामाचं व्हिडिओ सेंटर

गेल्या विकांताला दोन पिच्चर पाहिले. शनिवारी रात्री 'किल', रविवारी दुपारी 'मुंज्या'. दोन्ही २०२४ साली थेटरात लागून गेलेले. तेव्हा रिलीजच्या गडबडीत राहून गेले होते (आमच्या रिलीजच्या, पिच्चरच्या नव्हे).

आधी थोडक्यात मत देतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. 'किल' म्हणजे दिल्लीकडे निघालेली रेल्वे, डब्यात दरोडेखोर, एक कमांडो आणि मारामारी. डब्याच्या अरुंद बोळातून कॅमेरा असा फिरतो की आपणच कुणाचा तरी धक्का खाऊ असं वाटतं. पिच्चरचं नाव पडद्यावर येतं ते जवळपास निम्मा पिच्चर उलटल्यावर, आणि तिथून हीरो जो काही सुटतो... मी सोफ्यावरची उशी छातीशी धरून बसलो होतो. 'मुंज्या'चं दिग्दर्शन आपल्या आदित्य सरपोतदारचं. कोकण, पिंपळ, मुंज झाल्यावर सोडमुंजीआधीच मेलेला पोरगा, सगळं ओळखीचं. संगणकावर घडवलेलं भूत चांगलं जमलंय. हसू जास्त आलं, भीती कमी वाटली. पण पैसे वसूल.

असो. हा लेख त्या दोघांवर नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत टीममध्ये हाच विषय निघाला. आमच्यातला सगळ्यात तरुण मुलगा म्हणाला, "भारतात हॉरर आता कुठे सुरू झालाय. त्याआधी काय, रामसे! कचरा!" सगळे हसले. मीही हसलो. आणि डबा धुताना मला स्वतःचीच लाज वाटली. कारण त्या कचऱ्याच्या पैशातून माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी भरली गेली होती.

ते कसं ते सांगतो, पण आधी थोडा इतिहास.

रामसे हे काही विलायती आडनाव नाही. मूळ माणूस फतेहचंद रामसिंघानी, कराचीतला रेडिओ दुकानदार. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना, म्हणून त्याचं रामसे झालं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आलं आणि फतेहचंद हळूहळू सिनेमाच्या धंद्यात शिरले. १९५४ साली भगतसिंगांवर पिच्चर काढला, १९६३ साली 'रुस्तम सोहराब' काढला. पृथ्वीराज कपूर आणि सुरैया, म्हणजे नावं मोठी. मग १९७० साली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला आणि तो पडला.

आता गंमत बघा. पडलेल्या पिच्चरचं पोस्टमॉर्टेम आपल्याकडे सहसा कुणी करत नाही. (आमच्या हापिसातसुद्धा 'पुढच्या वेळी काळजी घेऊ' यापलीकडे काही होत नाही.) पण फतेहचंदांच्या मुलांनी, विशेषतः तुलसी आणि श्याम यांनी, थेटरात बसून माणसं बघितली. पिच्चरमध्ये पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून संग्रहालयात चोरी करायला जातात आणि पोलिसांच्या गोळ्यांचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही, असा एक प्रसंग होता. लोक खास त्या प्रसंगासाठी येत आणि तो झाला की उठून जात. मुलांनी बापाला सांगितलं की हा एकच प्रसंग चालतोय, तर अख्खा पिच्चर तसलाच का काढू नये?

ह्याला आजकाल आपण 'युजर डेटा बघून निर्णय घेणे' म्हणतो आणि त्यासाठी वेगळा पगारी माणूस ठेवतो.

घरात सात भाऊ: कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू आणि अर्जुन. जोसेफ मॅसेली यांचं छायाचित्रणावरचं एक गाजलेलं पुस्तक आणून बापाने मुलांना अक्षरशः शिकायला बसवलं. मग कामं वाटली गेली. कुमार लिहिणार, गंगू कॅमेरा, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' आला. चित्रीकरण कुठे? आपल्या महाबळेश्वरला. सगळं बिऱ्हाड तिकडे नेलं, सरकारी विश्रामगृहात मुक्काम टाकला, घरच्या बायकांनी सगळ्या युनिटचा स्वयंपाक केला. चाळीसएक दिवसांत आणि साडेतीन लाखांच्या आसपास काम उरकलं, असं हे भाऊ मुलाखतींतून सांगत. पिच्चर चालला.

त्याआधी आपल्याकडे भुताचे पिच्चर नव्हते का? होते की, आणि उत्तम होते. १९४९ चा 'महल', १९६२ चा 'बीस साल बाद', १९६४ चा 'वह कौन थी'. धुकं, हवेली, पांढरी साडी, लताबाईंचा आवाज. पण या तिन्हींत शेवटी भूत नसतंच. कुणीतरी माणूसच कारस्थान करत असतो नाहीतर काहीतरी लपवत असतो. प्रेक्षक सुशिक्षित मनाने घरी जातो. रामसेंनी पुढे ही सभ्यता सोडून दिली. १९८४ च्या 'पुराना मंदिर'मधला सामरी हा खराखुरा सैतान आहे. मुंडकं एकीकडे, धड दुसरीकडे, आणि दोन्ही एकत्र आले की संपलं! तिथे खुलासा वगैरे नाही, फक्त त्रिशूळ. (मध्येच जगदीप 'शोले'ची नक्कल करून जातो. ती का आहे हे विचारायचं नाही.) हा पिच्चर तुफान चालला. सामरी झालेला अजय उर्फ अनिरुद्ध अगरवाल रुरकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर होता, हे मला फार उशिरा कळलं. आपल्या जमातीतलाच निघाला की!

दुर्लक्षही बरोबरीने झालं. मोठे स्टार नाहीत, मोठा खर्च नाही, आणि हुकमी गिऱ्हाईक छोट्या गावांतलं. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर पसरला. पांढरपेशी कुटुंबं थेटरापासून दूर जायला लागली आणि जी माणसं थेटरात उरली त्यांच्या आवडीला 'बी ग्रेड' हे नाव पडलं. मला आता वाटतं की ती ग्रेड पिच्चरला कमी आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाला जास्त दिलेली होती.

आणि आता मामा.

माझ्या मामाचं तालुक्याच्या गावी व्हिडिओ सेंटर होतं. एका रात्रीसाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट भाड्याने. पहिली कॅसेट देवाची किंवा कौटुंबिक, ती आजीसाठी. दुसरी अमिताभची. तिसरी, रात्री एकच्या पुढची, रामसेंची. 'पुराना मंदिर', 'वीराना', नंतर 'बंद दरवाजा'. मे महिन्याच्या सुट्टीत मी काउंटरवर बसून वहीत नावं लिहायचो. दुकानात सगळ्यात जास्त झिजलेल्या कॅसेट ह्याच. त्यांतल्या चित्रावर रेघा पडायच्या, तरी मागणी कमी व्हायची नाही. पुढे केबल आली, १९९३ पासून झीवर त्याच रामसेंचा हॉरर शो सुरू झाला, मामाने व्हीसीआर काढून सीडी ठेवल्या. त्या गल्ल्यातून माझी पहिल्या वर्षाची फी गेली.

आणि मी काय केलं? हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, तुझ्या मामाचं काय असतं? मी म्हणालो, "पुस्तकांचं दुकान आहे." बस्स. चार वर्षं तेच सांगत राहिलो.

सोमवारी रात्री मामाला फोन केला. आधी 'मुंज्या'बद्दल बोललो. त्यांनी तो नातवाबरोबर पाहिला होता.

"भूत बेस आहे रे," मामा म्हणाले, "पण ते थांबत नाही. सारखं पळतंय. रामसेंचं भूत थांबायचं. आधी दार वाजायचं, मग वारा, मग कंदील हलायचा. तोवर अर्धी माणसं एकमेकाला चिकटलेली असायची."

"मामा, पण त्यात ती अंघोळीची दृश्यं, ते सगळं..."

"ते वाईटच होतं. घरात बाया असल्या की मी ती कॅसेट द्यायचो नाही. पण पिच्चर सुटल्यावर पोरं घोळक्याने घरी जायची बघ. एकटा कुणी जायचा नाही. ज्यांचं एकमेकाशी बोलणं नव्हतं तेसुद्धा बरोबर जायचे."

मग मी हिंमत करून हॉस्टेलवरचं खोटं सांगून टाकलं. वीस-पंचवीस वर्षं पोटात ठेवलेलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग मामा हसायला लागले.

"अरे वेड्या, खोटं कुठे बोललास? दुकानात मागच्या फळीवर पुस्तकं होतीच की. धारप, मतकरी. आठ आणे रोज. तूच तर सगळी फुकटात वाचलीस."

खरंच की! ती फळी मी साफ विसरलो होतो.

या फळीवरून आणखी एक धागा जुळला. २०१८ चा 'तुंबाड' आठवतोय ना? राही अनिल बर्वेला त्याचं बीज नारायण धारपांच्या एका गोष्टीतून मिळालं आणि नाव श्री. ना. पेंडश्यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलं. पहिल्या वेळी तो बेताचाच चालला. २०२४ साली पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. तेच धारप मामाच्या दुकानात रामसेंच्या कॅसेटशेजारी होते. त्यांच्यात भिंत घातली ती आपण शिकलेल्यांनी.

ज्यांना 'किल'सारखी मारामारी आवडते त्यांनाही सांगतो, हे घराणं तुमच्याही ओळखीचं आहे. केशू रामसे पुढे अक्षय कुमारच्या पिच्चरचा निर्माता झाला. १९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी'त अक्षयने अंडरटेकरला उचलून आपटलं होतं, त्यावर आमच्या वर्गात महिनाभर चर्चा चालली होती. (तो खरा अंडरटेकर नव्हता, ब्रायन ली होता. हे कळलं तेव्हा बालपण संपलं.) २००४ चा 'खाकी'सुद्धा केशू रामसेचाच. म्हणजे ज्या 'खाकी'ला आपण चांगला पिच्चर म्हणून नावाजतो, त्याचा पैसा त्याच घरातला.

तुलसी रामसे डिसेंबर २०१८ मध्ये गेले, श्याम सप्टेंबर २०१९ मध्ये. तेव्हा बातम्या वाचून मी पुढच्या पानावर गेलो होतो.

मंगळवारी जेवताना त्या तरुण मुलाला एवढंच सांगितलं की माझ्या मामाचं व्हिडिओ सेंटर होतं आणि माझी फी सामरीने भरली. त्याला वाटलं मी विनोद करतोय. मग महाबळेश्वर, सात भाऊ, पृथ्वीराज कपूरचा मुखवटा, सगळं सांगितलं. डबे गार झाले. शेवटी तो म्हणाला, "मग एखादा बघू या का? सगळे मिळून?"

येत्या शनिवारी माझ्या घरी 'पुराना मंदिर' आहे. मामांना एसटीचं रिझर्वेशन करून दिलंय. दिवे बंद ठेवायचे आणि मोबाइल बाहेरच्या खोलीत, ही त्यांची अट. सुटल्यावर सगळ्यांना घोळक्याने पार्किंगपर्यंत सोडायला मी जाईन.