गर्भजल ते रक्ताचा थेंब

गर्भजलातील पेशींवरून गर्भाचे लिंग ओळखता येते, हे डेन्मार्कच्या फुक्स व रीस यांनी १९५६ मध्ये दाखवले. पुढे हिमोफिलियासारख्या आनुवंशिक रोगांसाठी ही परीक्षा वापरली गेली. आपल्याकडे मात्र ती मुली नाकारण्याचे साधन बनली. स्त्रीसंघटनांच्या लढ्यानंतर महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राने. तरीही शून्य ते सहा वयोगटात राज्यात हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. १९९७ मध्ये डेनिस लो यांना आईच्या रक्तातच गर्भाचा डीएनए आढळला. उत्तर आता अधिकच लवकर मिळते. प्रश्न मात्र जुनाच आहे. वाय गुणसूत्र पित्याकडून येते, हे आम्ही वर्गात शिकवतो. सुनेला दोष देणाऱ्या घरापर्यंत तो धडा पोचवणे हेही आमचेच काम आहे.